एन्क्रिप्शनच्या नव्या मानकासाठी अल्गोरिदम निवडताना सर्वात मजबूत तोच का घेत नाहीत?

चोपड्याच्या एका एमएस्सीच्या विद्यार्थ्याने विचारले आहे की मानकासाठी दहा-पंधरा अल्गोरिदम आले तर त्यातला सर्वात मजबूत घेऊन मोकळे व्हावे, वर्षानुवर्षे मूल्यमापन कसले करतात? मी जळगावला ठिबक सिंचनाच्या कंट्रोलरचे फर्मवेअर लिहितो. एन्क्रिप्शन निवडायची वेळ माझ्यावर कामातच येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाऊ, मुळात ‘मजबूत’ मोजायचे यंत्र कुणाकडेच नाही. एखादा ब्लॉक सायफर, म्हणजे माहितीचे ठराविक आकाराचे तुकडे (ब्लॉक) करून गुप्त की वापरून ते बदलणारा अल्गोरिदम, सुरक्षित आहे असे गणिताने पूर्णपणे सिद्ध करता येत नाही. हातात पुरावा एकच असतो: फोडण्यात तरबेज असलेल्या माणसांनी तो मन लावून फोडून पाहिला आणि त्यांना जमले नाही. त्या माणसांना वेळ आणि कारण देणे म्हणजेच मूल्यमापन. वर्षे जातात ती त्यातच.

एईएस या आजच्या एन्क्रिप्शन मानकाची निवड बघा. त्याआधीचे डीईएस हे १९७७ पासून मानक होते, पण त्याची की (कुलपाच्या किल्लीसारखा गुप्त आकडा) फक्त ५६ बिटांची. १९९८ च्या जुलैत ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने अडीच लाख डॉलरच्या आत बांधलेल्या यंत्राने ५६ तासांत की शोधून दाखवली. शिवाय डीईएसच्या आतली रचना तशीच का केली, याची कारणे बरीच वर्षे गुप्त होती आणि त्यामुळे लोकांच्या मनात कायम संशय राहिला. म्हणून अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने १९९७ मध्ये जगभरातून उघडपणे प्रस्ताव मागवले. अट अशी की ब्लॉक १२८ बिटांचा आणि की १२८, १९२ व २५६ बिटांची असावी. १५ प्रस्ताव पात्र ठरले. त्यातल्या मॅजेंटाचे तर १९९८ च्या पहिल्या परिषदेत सादरीकरण झाले आणि समोर बसलेल्या जाणकारांनी तिथल्या तिथेच त्याच्यावरचा हल्ला मांडला. १९९९ मध्ये पाच उरले: मार्स, आरसी६, राइनडाल, सर्पंट आणि टूफिश.

तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर या पाचांत आहे. सायफर एकच क्रिया अनेक राउंड करतो. हल्लेखोर आधी कमी राउंडची आवृत्ती फोडतात, आणि किती राउंडपर्यंत पोचले यावरून सुरक्षेची किती शिल्लक उरली ते कळते. तेव्हा १२८ बिटांच्या कीच्या राइनडालमध्ये १० पैकी ७ राउंडपर्यंत हल्ले पोचले होते, तर सर्पंटमध्ये ३२ पैकी ९ पर्यंत. निस्टने आपल्या अहवालात सर्पंटची सुरक्षेची शिल्लक जास्त आणि राइनडालची पुरेशी, असे स्पष्ट लिहिले. तरी २ ऑक्टोबर २००० ला निवड झाली राइनडालची, आणि तोच एईएस झाला.

कारण मानक एका सर्व्हरसाठी नसते. तोच अल्गोरिदम बँकेच्या कार्डावरच्या ८ बिटांच्या चिपवर, मोबाइलमध्ये आणि मोठ्या राउटरमध्ये चालावा लागतो. सर्पंट हार्डवेअरमध्ये उत्तम, पण सॉफ्टवेअरमध्ये मंद. मार्स आणि आरसी६ मध्ये ३२ बिटांचे गुणाकार आहेत, ते लहान चिपला जड जातात. राइनडाल मात्र सगळीकडे ठीक चालत होता आणि त्याला मेमरीही थोडीच लागत होती. मला हा निर्णय बरोबर वाटतो. न परवडणारे एन्क्रिप्शन लोक बंद करून ठेवतात, मग ते कितीही भक्कम असो. आणि १० पैकी ७ हा आकडा दोन दशकांनंतरही तिथेच आहे. २०११ मध्ये पूर्ण १० राउंडवर एक हल्ला निघाला, पण सगळ्या की एकेक करून तपासण्यापेक्षा त्यात जेमतेम चौपट बचत होते. प्रत्यक्षात त्याचा उपयोग नाही.

पण याच अहवालात एक अंदाज चुकला, आणि तो तुम्ही जरूर अभ्यासावा. टेबलमधून किंमत उचलण्याच्या क्रियेला वेळ मोजून होणाऱ्या हल्ल्यांचा धोका नाही, असे निस्टने धरले होते. २००५ मध्ये बर्नस्टाइन यांनी, आणि वेगळ्या कामात ओस्विक, शमीर व ट्रोमर यांनी, प्रोसेसरच्या कॅशमुळे (आतल्या लहान, वेगवान मेमरीमुळे) त्या वेळेत पडणाऱ्या फरकातून एईएसची की काढून दाखवली. अल्गोरिदम शाबूत आणि त्याचा कोड फुटका, अशी स्थिती. मोठ्या प्रोसेसरमध्ये पुढे एईएस चालवणाऱ्या खास सूचनाच (इन्स्ट्रक्शन) आल्या, त्यामुळे तिथे हा त्रास गेला.

क्वांटम संगणकालाही टिकतील अशा अल्गोरिदमच्या निस्टने चालवलेल्या निवडीत तर आणखी ठळक धडा मिळाला. २०२२ च्या जुलैत साइक हा उमेदवार चौथ्या फेरीत गेला. काही आठवड्यांतच कास्ट्रिक आणि डेक्रू यांनी त्याचा एक प्रकार एका साध्या प्रोसेसरच्या एकाच कोरवर तासाभरात फोडला. त्यांनी वापरलेले प्रमेय १९९७ चे, शुद्ध गणितात पडून असलेले. रेनबो हा दुसरा उमेदवार तर अंतिम फेरीत होता. तो त्याच वर्षी एका लॅपटॉपवर शनिवार-रविवारात फोडता येतो असे दिसले. दोन्ही मानक होण्याआधी फुटले, म्हणजे मूल्यमापनाने आपले काम केले.

आता तुमच्या प्रोजेक्टकडे. रावेर-यावलच्या केळीबागांसाठी व्हॉल्व्ह उघड-बंद करणारा वायरलेस नोड बनवायचा आहे, असे तुम्ही लिहिले आहे. तिथे संदेश गुप्त राहण्यापेक्षा तो खरा असणे महत्त्वाचे. कुणी जुना ‘व्हॉल्व्ह उघड’ पकडून पुन्हा सोडला तर खताच्या टाकीसकट पाणी भलत्याच वेळी जाईल. अशा लहान उपकरणांसाठी निस्टने ५७ प्रस्तावांतून २०२३ मध्ये अ‍ॅस्कॉन निवडला आणि २०२५ मध्ये त्याचे मानक प्रसिद्ध केले. एन्क्रिप्शन आणि खरेपणाची तपासणी तो एकत्रच करतो, आणि आतली स्थिती ३२० बिटांची, म्हणजे ४० बाइटच. मला त्यातली सर्वात भरवशाची गोष्ट ही की तो २०१४ पासून सीझर नावाच्या स्पर्धेत सगळ्यांसमोर होता. इतकी वर्षे लोकांनी तो ठोकून पाहिला आहे.

तुमच्या चिपमध्ये एईएसचे हार्डवेअर असेल तर मात्र एईएसच स्वस्त पडू शकेल. दोन्ही लावून बघा, आणि मोजताना मोठी फाइल घेऊ नका. तुमचा खरा संदेश १०-१६ बाइटचा, तर तेवढ्याचाच वेळ, रॅम आणि बॅटरी मोजा.

आणि आपल्याकडची एक चाचणी नक्की करा. या दोन्ही पद्धतींत दर संदेशाला न वापरलेला नॉन्स, म्हणजे एकदाच वापरायचा आकडा, लागतो, आणि बहुतेक जण त्यासाठी काउंटर ठेवतात. लाइट गेली आणि काउंटर रॅममध्ये असेल तर तो शून्यापासून सुरू होतो. एईएस जीसीएम पद्धतीने (एन्क्रिप्शनसोबत खरेपणाही तपासणारी पद्धत) वापरत असाल तर नॉन्स एकदा जरी परत वापरला गेला, तरी खोटे संदेश बनवायला वाट मोकळी होते. म्हणून काउंटर ईईप्रॉममध्ये, म्हणजे लाइट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, ठेवा. दर वेळी लिहून ती झिजू नये म्हणून पुढचे शंभर आकडे एकदम राखून ठेवा आणि लाइट आल्यावर राखलेल्याच्या पुढून सुरू करा. मग संदेश चालू असताना मध्येच सप्लाय काढून, पुन्हा लावून, नॉन्स कुठे परत येतो का ते लॉगमध्ये तपासा.