दावं तुटलं, म्हैस रस्त्यावर गेली. भरपाई कुणी द्यायची?

प्रश्न : आमचा गोठा राज्य महामार्गालगत आहे. रात्री म्हैस दावं तोडून रस्त्यावर गेली. मोटारसायकलवाला धडकला, त्याचा पाय मोडला. म्हैस जागीच मेली. त्याचे नातेवाईक दोन लाख मागताहेत. गावातले म्हणतात, मुक्या जनावराला काय कळतं, तू एक पैसा देऊ नकोस. काय करू?

उत्तर : गावाचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. रस्त्यावर सुटलेल्या जनावराबद्दल मालक जबाबदार नाही, असं हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे इंग्लंडच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, 1947 साली म्हटलं होतं. पण खुद्द इंग्लंडनेच 1971 च्या कायद्याने तो नियम काढून टाकला. आपल्याकडे प्रश्न एकच : तुमचा हलगर्जीपणा होता का?

नुसते मालक आहात म्हणून पैसे द्यावे लागत नाहीत. दावं झिजलेलं होतं का, गोठ्याच्या फाटकाला कडी होती का, हे बघितलं जाईल. तुम्ही लिहिलं नाहीत ते मी विचारतो : ही म्हैस आधी कधी सुटली होती का? शेजाऱ्यांनी बजावलं असेल तर तुमची बाजू लंगडी पडते. तुटलेलं दावं फेकू नका, वकिलाला दाखवा.

पोलीस भारतीय न्याय संहितेचं कलम 291 लावू शकतात : सहा महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र आहे. हाड मोडल्याने कलम 125 ही जोडलं जाऊ शकतं, तिथे शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते. ‘म्हैस माझी नव्हेच’ म्हणायचा मोह टाळा. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा 12 आकडी नंबर तुमच्याच नावावर निघेल.

भरपाईसाठी मोटारसायकलवाल्याला तुमच्यावर दिवाणी दावा लावावा लागेल, मुदत साधारण तीन वर्षं. तो भरधाव होता किंवा हेडलाइट बंद होता, हे शाबित झालं तर रक्कम त्या प्रमाणात कमी होते. पंचनाम्याची नक्कल आधी काढा. दोन लाखांचा आकडा दवाखान्याची बिलं बघितल्याशिवाय कबूल करू नका, आणि तडजोड केलीत तर ती लेखी, पैसे बँकेतून. तडजोडीने पोलिसांतला गुन्हा आपोआप मिटत नाही.

चूक त्याचीच निघाली, तर म्हशीच्या किमतीसाठी तुम्हीही त्याच्यावर आणि त्याच्या विमा कंपनीवर मोटार अपघात प्राधिकरणात जाऊ शकता. म्हशीचा विमा असेल तर शवविच्छेदनाचा दाखला लागेल, आणि तो कानातला बिल्लाही. म्हैस पुरण्याआधी काढून ठेवलात ना?