चॅरिटीसाठी रोज एक अशा सलग मॅरेथॉन धावणं माणसाला जमतं का?

जमतं की, पण स्पीड विसरायचा. एक मॅरेथॉन म्हणजे 42.195 किमी, आणि उद्या परत तेवढंच पळायचंय म्हटल्यावर आज टायमिंगच्या मागे लागून उपयोग नाही, बोलता बोलता धावता येईल इतकंच पळायचं, चढाला सरळ चालायचं. ब्रिटनच्या गॅरी मॅकी यांनी 2022 मध्ये वर्षभर रोज एक अशा 365 मॅरेथॉन केल्या आणि कॅन्सर पेशंटसाठी 10 लाख पाउंडांच्या वर जमवले! त्याआधी 1980 ला कॅनडात टेरी फॉक्स, कॅन्सरमुळे पाय कापलेला, कृत्रिम पायावर 143 दिवस रोज साधारण मॅरेथॉनएवढं अंतर, मग कॅन्सर फुफ्फुसात पसरला म्हणून थांबावं लागलं.

खरा त्रास दमण्याचा नसतोच. एका रात्रीत स्नायू भरून येत नाहीत, नखं काळी पडतात, फोड येतात, पाय सुजतात म्हणून बरेच जण एक साइज मोठे शूज ठेवतात. खाणंही जबरदस्तीने खावं लागतं, कारण एका मॅरेथॉनला अडीच-तीन हजार कॅलरी सहज जातात आणि भूक नेमकी तेव्हाच मरते. हाडात एकाच जागी टोचून दुखायला लागलं किंवा लघवी गडद तपकिरी झाली तर मात्र तिथेच थांबा आणि डॉक्टर गाठा, हिरोगिरी नको.

आणि पैसे आपोआप येत नाहीत हां! डोनेशनची लिंक आधीच तयार ठेवा, रोज अपडेट टाका आणि राहण्या-खाण्याचा खर्च त्या पैशातून नाही हे स्पष्ट लिहा, लोक पहिलं तेच विचारतात.