गाडीच्या रंगावरचे बारीक ओरखडे काढताना

सर्वप्रथम ओरखड्यावरून नख आडवे फिरवून पाहावे. ते अडकले, तर ओरखडा बहुधा खोल आहे असे समजून तिथे रबिंग कंपाउंड (रंग घासून गुळगुळीत करणारी खरखरीत पेस्ट) घासत बसू नये. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचाच असतो आणि प्रत्येक पॉलिशमध्ये थोडा झिजतो. नख अडकत नसेल, तर गाडी शाम्पूने धुऊन, सावलीत पत्रा थंड झाल्यावर, मायक्रोफायबरच्या पॅडवर बारीक कणांचे पॉलिश वाटाण्याएवढे घेऊन आधी वीतभर जागेतच हलक्या हाताने आडवे-उभे फिरवून परिणाम पाहावा. दारांच्या कडांवर विशेष जपावे, कारण तिथला थर लवकर उडतो. टूथपेस्टचा सल्ला कोणीतरी देईलच. तो ऐकू नये. शेवटी वॅक्स लावावे, आणि रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकणे मात्र बंद करावे, कारण बरेच ओरखडे त्यातूनच येतात.