ड्राफ्टमध्ये नाव नाही आलं म्हणून डिफेन्समन संपत नाही, शे वेबरचं करिअर बघा

दादा, तुमचा प्रश्न वाचला. मुलगा पंधराचा, कॅनडातल्या बीसीच्या (ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या) आतल्या भागातलं छोटं गाव, आइस हॉकीत डिफेन्स (बचावाला) खेळतो, यंदा डब्ल्यूएचएलच्या (वेस्टर्न हॉकी लीग, मोठी ज्युनिअर लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स आळीपाळीने मुलं निवडतात त्यात, कुठल्याच टीमने घेतलं नाही आणि आता सगळे सांगतायत की व्हँकुव्हरच्या ॲकॅडमीत टाका नाहीतर हॉकी सोडून अभ्यासाला लावा. माझी दोन्ही मुलं बीसीतच मायनर हॉकी खेळून मोठी झालीत आणि मला मनापासून वाटतं की या दोन्हीतलं काहीच आत्ता करू नका.

शे वेबर, एनएचएल (नॅशनल हॉकी लीग, सगळ्यात वरची व्यावसायिक लीग) गाजवलेला डिफेन्समन, तुमच्याच बाजूचा, सिकमूसचा. शुस्वाप लेकच्या काठचं, ट्रान्स कॅनडा हायवेवरचं, अडीच हजारांच्या आसपास वस्तीचं गाव, उन्हाळ्यात लोक हाउसबोटी घ्यायला येतात ते. वडील सॉमिलमध्ये कामाला, आई केशभूषेचं काम करायची. लहानपणी तो फॉरवर्ड होता, बॅन्टमच्या (तेरा-चौदा वर्षांच्या गटाच्या) दुसऱ्या वर्षी वडील आणि कोच यांच्याशी बोलून डिफेन्सला आला आणि 2000 च्या डब्ल्यूएचएलच्या बॅन्टम ड्राफ्टमध्ये त्याला कुणीही घेतलं नाही. अंगाने लहान होता, एवढंच. नंतर डब्ल्यूएचएलच्याच केलोना रॉकेट्सने त्याला आपल्या लिस्टवर टाकलं, म्हणजे त्याच्यावर हक्क राखला, पण तो लगेच केलोनाला गेला नाही, 2001-02 चा सीझन बराचसा गावच्याच सिकमूस ईगल्सकडून ज्युनिअर बी (खालच्या पातळीची लीग) खेळला आणि रॉकेट्सच्या जेमतेम पाच मॅच त्याला मिळाल्या. मधल्या काळात उंची वाढली, खांदे भरले, आणि 2003 च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये नॅशव्हिल प्रेडेटर्सने त्याला दुसऱ्या राउंडमध्ये 49 वा घेतला. त्याच ड्राफ्टमध्ये नॅशव्हिलने त्याच्या आधी दोन डिफेन्समन घेतले होते, रायन सूटर आणि केविन क्लाइन, म्हणजे खुद्द त्याच्या टीमलाही तो पहिला वाटला नव्हता.

मला वाटतं लोक इथेच चुकतात. फॉरवर्डचं कसब चौदाव्या वर्षी डोळ्यांत भरतं, गोल दिसतात, पॉइंट्स मोजता येतात. डिफेन्समनचं तसं नसतं हो, उलटं स्केटिंग करताना समोरच्याशी गॅप किती ठेवायची, कोपऱ्यात पक (खेळायची रबरी चकती) मिळाल्यावर मागून कोण येतोय हे न बघता कळणं, पहिला पास घाई न करता जोडीदाराच्या स्टिकवर देणं, हे सगळं मॅचमधूनच येतं आणि उशिरा येतं, शिवाय अंगात ताकद आल्याशिवाय यातलं निम्मं दिसतच नाही. केलोनाच्याच डंकन कीथचं बघा, 2002 मध्ये शिकागोने 54 वा घेतला, बारीक चणीचा, एएचएलमध्ये (एनएचएलच्या खालची लीग) दोन वर्षं घासला आणि मग तीन स्टॅनली कप (एनएचएलचं विजेतेपद) आणि दोन नॉरिस ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम डिफेन्समनला मिळते ती). झाडाला आंबा धरायला जेवढी वर्षं लागतात तेवढी लागतात.

वेबरचं पुढचं तुम्हाला माहीत असेलच, तरी मुलासाठी लिहितो. केलोनाबरोबर 2004 चा मेमोरियल कप (मेजर ज्युनिअर क्लबांचं अजिंक्यपद), 2005 चं वर्ल्ड ज्युनिअर गोल्ड, जानेवारी 2006 मध्ये एनएचएल पदार्पण, 2010 मध्ये नॅशव्हिलचा कॅप्टन. त्याच वर्षी व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये जर्मनीविरुद्ध त्याचा स्लॅप शॉट जाळी फाडून पलीकडे गेला, व्हिडिओ बघून गोल द्यावा लागला! त्या वर्षीचं आणि 2014 चं सोचीचं, अशी दोन ऑलिंपिक गोल्ड. 2015 च्या ऑल स्टारला शॉट मोजला तर ताशी 108.5 मैल. 2012 मध्ये फिलाडेल्फियाने 14 वर्षांची 11 कोटी डॉलरची ऑफर शीट (दुसऱ्या टीमच्या खेळाडूला देऊ केलेला करार) दिली, नॅशव्हिलने तेवढेच पैसे देऊन त्याला ठेवून घेतलं आणि 2016 मध्ये त्याच नॅशव्हिलने त्याला पी. के. सुबानच्या बदल्यात मॉन्ट्रियलला दिला.

पण दुसरी बाजूही मुलाला नक्की सांगा, लपवू नका. नॉरिस त्याला एकदाही मिळाली नाही, 2011 ला लिडस्ट्रॉमच्या आणि 2012 ला कार्लसनच्या मागे दुसरा राहिला. स्टॅनली कपही नाही, 2021 मध्ये मॉन्ट्रियलला फायनलपर्यंत नेलं, टॅम्पाने 4-1 ने हरवलं आणि त्यानंतर तो पुन्हा खेळलाच नाही. घोटा, पाऊल, गुडघा, अंगठा, वर्षानुवर्षं शॉट अंगावर घेऊन सगळं झिजलेलं, वय फक्त 35. एकूण 1038 मॅच आणि 224 गोल, आणि 2024 मध्ये हॉल ऑफ फेम. इतकं सगळं मिळवणाऱ्याच्या शरीराने सुद्धा ही किंमत मोजलीय, त्यामुळे शाळा आणि अभ्यास हॉकीच्या जोडीने चालूच राहू दे. आता ऑगस्ट 2025 पासून डब्ल्यूएचएल खेळलेल्या मुलांनाही एनसीएए (अमेरिकेतली कॉलेज खेळांची संघटना) डिव्हिजन वन कॉलेजांत खेळता येतं, पूर्वी तो रस्ता बंद व्हायचा, हा तुमच्या मुलासाठी खरंच मोठा बदल आहे.

ॲकॅडमी वाईट असते असं माझं म्हणणं नाही. पण तिथे तो तिसऱ्या (सगळ्यात कमी खेळवल्या जाणाऱ्या) जोडीत बसून राहणार असेल आणि गावात त्याला दर मॅचला भरपूर आइस टाइम मिळत असेल, तर निदान एक वर्ष गावातच ठेवा. ड्राफ्टमध्ये नाव नसलं तरी टीम्स नंतर मुलांना लिस्ट करतात, स्प्रिंग कॅम्पला बोलावतात, तिथे जाऊ दे.

बाकी एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीये. एका गोलने पुढे असताना शेवटच्या दोन मिनिटांत आणि पेनल्टी किलला (आपला खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) कोच त्याला पाठवतो का? कोचला विचारून इथे कळवा, मग कुठल्या कॅम्पला पाठवायचं ते बोलू.