दारव्ह्याजवळच्या खेड्यातून जुना बॅटरी पंप आणि मोबाईल विकायचाय, ओएलएक्स बरं की फेसबुक मार्केटप्लेस?

फवारणी पंपासाठी फेसबुक मार्केटप्लेसच घ्या आणि तीच जाहिरात तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाका. ओएलएक्स मोबाईलसाठी ठेवा. मी पंप दुरुस्त करतो, जुन्या पंपांची घेव-देव रोज पाहतो. पंपाचं गिऱ्हाईक आजूबाजूच्या गावचंच असतं. त्याला पाणी भरून, पाठीवर घेऊन, चालवून पाहायचं असतं; त्यासाठी नागपूरहून कोणी येत नाही. म्हणून टाकीचा फोटो एकच पुरे, पण नोझलमधून फवारा निघतानाचा व्हिडिओ नक्की टाका आणि एका चार्जिंगमध्ये किती टाक्या निघतात ते खरं लिहा, पहिला प्रश्न तोच येतो. कपाशीवर फवारणी जोरात असते तेव्हा, जुलै-ऑगस्टात, भाव बरा मिळतो. मोबाईलला शहरातलं गिऱ्हाईक लागतं, तेव्हा ठिकाण यवतमाळ टाका, भेटही तिथेच ठरवा, आणि गुगल खातं काढून फोन रीसेट केल्याशिवाय हातात देऊ नका.

मात्र दोन्हीकडे ठग आहेत. "पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असं कोणी म्हटलं की बोलणं तिथेच थांबवा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.