समुद्री मत्स्यालयात डायनो आलेत? आधी पाणी बदलणं थांबव

वाळूवर तपकिरी, शेंबडासारखे धागे, त्यात अडकलेले बुडबुडे आणि दिवे बंद झाले की निम्मे गायब, म्हणजे बहुतेक डायनोच (डायनोफ्लॅजेलेट, एकपेशीय सूक्ष्मजीव). डायटम (तपकिरी थर धरणारं साधं शेवाळ) समजून पाणी बदलत बसलास तर आणखी फोफावतील. पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आलंय का बघ. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं. फॉस्फेट रिमूव्हर (फॉस्फेट शोषणारा पदार्थ) टाकीतून काढ, नायट्रेट 5 ते 10 आणि फॉस्फेट 0.1 पीपीएमच्या आसपास आण, पण हळूहळू.

यूव्ही (पाण्यातले सूक्ष्मजीव मारणारा अतिनील दिवा) घ्यायची घाई नको. आधी थेंबभर नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघ, शाळेतला साधाही चालतो. ऑस्ट्रिऑप्सिस हा डायनोचा प्रकार दोरीला बांधल्यासारखा जागच्या जागी गरगरतो. तो रात्री पाण्यात सुटतो, म्हणून यूव्ही लागू पडतो. अँफिडिनियम हा दुसरा प्रकार वाळू सोडत नाही, तिथे यूव्हीचे पैसे पाण्यात. गोगलगायी पटापट मरायला लागल्या तर विषाचा संशय धर आणि ताजा सक्रिय कार्बन (विष शोषणारा कोळसा) लगेच घाल.