ऊस कार्बन शोषतो, पण ठेवतो कुठे?

प्रश्न : आमचा चार एकर ऊस आहे. गावात एक जण येऊन सांगून गेला, की ऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो, सही करा, पैसे मिळतील. हे खरं का? हवेतून कार्बन काढायची यंत्रंही निघालीत म्हणे.
— एक वाचक, ता. निपाणी

उत्तर : शोषतो हे खरं. पण ऊस गळिताला गेला की साखर लोकांच्या पोटात, बगॅस म्हणजे चोथा बॉयलरमध्ये आणि पाचट तुमच्या काडीपेटीच्या हवाली. वर्ष-दीड वर्षात बहुतेक सगळा कार्बन पुन्हा हवेत. तेव्हा त्या माणसाला विचारा : किती कार्बन, किती वर्षं जमिनीत राहणार आणि मोजणार कोण? हे कागदावर आल्याशिवाय सही करू नका.

यंत्रं आहेत. आइसलँडमध्ये 2021 साली वर्षाला 4,000 टन कार्बन डायऑक्साइड काढण्यासाठी ‘ओर्का’ प्रकल्प उभारला. पंख्यांनी हवा ओढायची, वायू वेगळा करून पाण्यात मिसळायचा आणि खोल बेसाल्टात, म्हणजे काळ्या पाषाणात सोडायचा. तिथे दोनेक वर्षांत त्याचा दगड होतो. खर्च मात्र अफाट.

माझा जीव तुटतो तो पाचटासाठी. हंगामात संध्याकाळी चिकोडीच्या रस्त्यानं निघालं की दोन्ही बाजूंना रानं पेटलेली. एकरी तीन-चार टन पाचट असतं हो! ते सरीत कुजवा, जमीन भुसभुशीत होईल. तुराट्या, तंबाखूची खोडकी यांचा मात्र कोळसा करा. तळाला निमुळता खड्डा घ्या, आत जाळ करा आणि थरावर थर टाकत जा. वरची ज्वाळ हवा खाऊन टाकते, खालच्या थराला मिळत नाही, म्हणून त्याची राख न होता कोळसा होतो. थरावर पांढरी राख धरू लागली की लगेच पुढचा थर. शेवटी भरपूर पाणी मारून विझवा. हा कोळसा शेण-गोमूत्रात मुरवूनच रानात घाला. कोरडा टाकलात तर पिकाचं नत्र तोच धरून बसेल. त्यातला बराचसा कार्बन शेकडो वर्षं मातीत राहतो.

खानापूरकडे कुणी पाहुणे असतील तर त्यांना हेही सांगा : काळ्या पाषाणाचं क्रशरवरचं बारीक पीठ त्यांच्या आम्लधर्मी भातजमिनीत उपयोगी पडतं. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी जोडला जाऊन बायकार्बोनेट होतो आणि ओढ्या-नद्यांतून समुद्राला मिळतो. तुमच्या काळ्या रानात आधीच चुनखडी असेल, तर तिथे फारसं साधणार नाही. आणि जांभ्याचं पीठ घेऊ नका. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम पावसानं केव्हाच धुऊन नेलंय.